लॉगिन होतं, पण स्क्रीन काळीच: लिनक्सवरच्या एक्सआरडीपीचं परत परत उद्भवणारं दुखणं

विंडोजमधून रिमोट डेस्कटॉप उघडला, उबुंटूच्या मशीनचा आयपी टाकला, एक्सआरडीपीची (लिनक्सवर रिमोट डेस्कटॉप पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरची) लॉगिनची चौकट आली, नाव-पासवर्ड भरला, आणि पुढे नुसता काळोख. कधी माउसचा बाण तेवढा दिसतो, कधी दोन-तीन सेकंदांत खिडकीच मिटते. मशीन रीबूट केलं की कधी चालतं, कधी नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. यावर एक ठरावीक उतारा सगळीकडे सांगितला जातो: एका फाइलीत ‘अनसेट’च्या दोन ओळी चिकटवा. चिकटवल्यावर बहुतेक वेळा डेस्कटॉप उघडतोही. मग काही दिवसांनी तक्रार येते की रिमोटमध्ये फायरफॉक्स उघडत नाही, आवाज येत नाही. या दोन तक्रारी एकाच धाग्याच्या आहेत, आणि तो धागा समजला की काळ्या स्क्रीनवर पुन्हा पुन्हा वेळ जात नाही.

इथलं सगळं उबुंटू २२.०४, २४.०४ आणि डेबियन १२ यांना धरून आहे. या तिन्हींत एक्सआरडीपीची ०.९ मालिका येते. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि रोमन आकडे वापरायचे. कुठे मोठी अक्षरं लागतात ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

आधी ठरवा, अडलंय कुठे

एक्सआरडीपी म्हणजे एक प्रोग्राम नव्हे. ‘एक्सआरडीपी’ नावाची सर्व्हिस ३३८९ पोर्टवर ऐकते, एनक्रिप्शन सांभाळते आणि लॉगिनची चौकट काढते. तिच्या मागे ‘एक्सआरडीपी-सेसमॅन’ असतो. तो पासवर्ड तपासतो, मग त्या युजरसाठी एक वेगळा एक्सऑर्ग सर्व्हर (स्क्रीनवर खिडक्या काढणारा प्रोग्राम) उभा करतो (पहिला बहुधा डिस्प्ले १० वर), त्यात डेस्कटॉप सुरू करणारी स्टार्टडब्ल्यूएम.एसएच ही स्क्रिप्ट चालवतो, आणि क्लिपबोर्ड-ड्राइव्हसाठी चॅनसर्व्ह नावाचा तिसरा गडी सोबत देतो. म्हणजे मशीनसमोरच्या मॉनिटरवर जे दिसतं ते एक्सआरडीपी दाखवत नाही. तो स्वतःचा नवा डेस्कटॉप सुरू करतो. हे एवढं वाक्य लक्षात ठेवा, अर्धं निदान त्यातच आहे. ‘वेलँड बंद करा म्हणजे एक्सआरडीपी चालेल’ हा सल्लाही याच कारणाने पोकळ आहे. समोरच्या स्क्रीनवर वेलँड (एक्सऑर्गच्या जागी आलेली नवी पद्धत) असो वा नसो, एक्सआरडीपी आपला एक्सऑर्ग आपण आणतो.

लॉगिनची चौकटच आली नाही, तर दोष पोर्टचा, फायरवॉलचा नाहीतर सर्टिफिकेटचा. चौकट आली, ‘लॉगिन सक्सेसफुल’ असं लिहून आलं आणि मग ‘कनेक्शन प्रॉब्लेम, गिव्हिंग अप’ आणि ‘सम प्रॉब्लेम’ या ओळी दिसल्या, तर एक्सऑर्ग उठला नाही. आणि चौकट गेली, मग काळं झालं किंवा खिडकी मिटली, तर एक्सऑर्ग ठीक आहे, पण त्यातला डेस्कटॉप मेला. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भेटतो.

खात्री करायला एकच लॉग पुरतो. जोडणी फसल्यावर लगेच एसएसएचने आत जा आणि पाहा:

सुडो टेल -एन ४० /व्हार/लॉग/एक्सआरडीपी-सेसमॅन.लॉग

त्यात ‘विंडो मॅनेजर … एक्झिटेड क्विकली (० सेक्स)’ आणि पुढे ‘धिस कुड इंडिकेट अ विंडो मॅनेजर कॉन्फिग प्रॉब्लेम’ अशी ओळ असली, की नेटवर्क, पोर्ट, पासवर्ड यांची चौकशी तिथेच थांबवायची. डेस्कटॉप सुरू होता होताच पडला आहे. का पडला, ते युजरच्या होम फोल्डरमधल्या .एक्ससेशन-एरर्स फाइलीच्या शेवटच्या वीस-तीस ओळींत असतं. एक्सऑर्गच उठला नसेल तर होममधलीच .एक्सओआरजीएक्सआरडीपी.१०.लॉग ही फाइल उघडा आणि कंसात ‘ईई’ असलेल्या ओळी वाचा. नावातला १० म्हणजे डिस्प्लेचा आकडा. तुमच्या सेशनला ११ मिळाला असेल तर फाइलही ११ ची.

चौकटच येत नाही

हे चटकन उरकण्यासारखं आहे. पोर्टवर कोण बसलंय ते पाहा:

सुडो एसएस -टीएलएनपी | ग्रेप ३३८९

उत्तरात एक्सआरडीपीच्या जागी ‘ग्नोम-रिमोट-डे’ असं अर्धवट नाव दिसलं (ही यादी प्रोसेसचं नाव १५ अक्षरांवर कापते), तर सेटिंग्जमधलं ग्नोमचं (उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं) स्वतःचं शेअरिंग चालू आहे. उबुंटू २२.०४ पासून तेही आरडीपीच बोलतं आणि तेही ३३८९ च मागतं. जो आधी उठेल त्याला पोर्ट मिळतं, म्हणून ‘कधी चालतं, कधी नाही’. ओळखायची खूण: एक्सआरडीपीची चौकट न येता विंडोजच आपला पासवर्ड विचारतो आणि लिनक्सचा बरोबर पासवर्ड दिला तरी नाकारतो. ग्नोमच्या शेअरिंगचं नाव-पासवर्ड लिनक्सच्या खात्यापासून वेगळं असतं, म्हणून. दोघांतलं एक बंद करा, नाहीतर एक्सआरडीपी.आयएनआय फाइलीत पोर्ट बदलून ३३९० करा.

यादी रिकामीच आली तर सर्व्हिस उभी नाही. रीबूटनंतरच हे होत असेल तर सिस्टमसीटीएल इनेबल एक्सआरडीपी राहिलं असेल. किंवा कुणीतरी एक्सआरडीपी.आयएनआयमध्ये ‘पोर्ट=’ पुढे एखादा ठरावीक आयपी लिहिलेला असेल. त्या फाइलीतच टीप आहे की दिलेले सगळे इंटरफेस सर्व्हिस सुरू होतेवेळी चालू हवेत, नाहीतर ती उठणारच नाही. व्हीपीएनचा किंवा वायफायचा पत्ता बूटच्या वेळी अजून आलेला नसतो. सर्व्हिस पडते, आणि पाच मिनिटांनी हाताने सुरू केली की बिनबोभाट चालते. अशा वेळी पोर्टपुढे नुसतं ३३८९ ठेवावं आणि कुणाला आत घ्यायचं ते फायरवॉलमध्ये ठरवावं:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ३३८९ प्रोटो टीसीपी

सर्टिफिकेटचा घोळ डेबियन आणि उबुंटूवर नेहमीचा. एक्सआरडीपी.लॉगमध्ये ‘कॅनॉट रीड प्रायव्हेट की फाइल … की.पेम: परमिशन डिनाइड’ असं दिसतं. ती किल्ली ‘एसएसएल-सर्ट’ गटालाच वाचता येते आणि सर्व्हिस ज्या नावाने चालते तो ‘एक्सआरडीपी’ युजर त्या गटात नसतो. सुडो ॲडयुजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट, मग सर्व्हिस रीस्टार्ट. हे न केल्यास काही क्लायंट जुन्या पद्धतीच्या सुरक्षेवर उतरून जोडतात आणि काही सरळ नकार देतात. त्यामुळे एकाच मशीनला एक लॅपटॉप जोडला जातो नि दुसरा नाही, आणि दोष लॅपटॉपवर ढकलला जातो.

एक्सऑर्ग उठत नाही

बहुतेक वेळा एक्सऑर्गला एक्सआरडीपीशी जोडणारं ‘एक्सओआरजीएक्सआरडीपी’ हे पॅकेजच नसतं. एक्सआरडीपी बसवताना ‘रेकमेंड्स’ (सोबत सुचवलेली पॅकेजं) वगळून बसवलं की हमखास. लॉगमध्ये ‘नो स्क्रीन्स फाउंड’ दिसतं. दुसरं कारण: ‘ओन्ली कन्सोल युजर्स आर अलाउड टू रन द एक्स सर्व्हर’. मशीनसमोर बसलेल्यालाच एक्स चालवू द्यायचा, असा पहारा एका आवरण-प्रोग्रामने घातलेला असतो. सेसमॅन.आयएनआयच्या एक्सऑर्ग विभागातली पहिली ‘पॅरम=’ ओळ /युएसआर/लिब/एक्सओआरजी/एक्सओआरजी अशी हवी, नुसतं ‘एक्सओआरजी’ नको (शेवटच्या ‘एक्सओआरजी’चा एक्स मोठा). मग पहारेकऱ्याला वळसा बसतो.

खरं दुखणं: एकच युजर, दोन डेस्कटॉप

आता मुद्द्याचं. ग्नोमचं सेशन आता सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेच्या) ‘युजर मॅनेजर’कडून चालतं, आणि हा मॅनेजर सेशनगणिक नसतो. युजरगणिक एकच असतो. डी-बसचंही (प्रोग्राम आपसात ज्यावरून बोलतात त्या वाहिनीचंही) तसंच: /रन/युजर/१००० मधलं ‘बस’ नावाचं एकच सॉकेट त्या युजरची सगळी सेशन वाटून घेतात. तुम्ही ऑफिसात मशीनसमोर लॉगिन करून स्क्रीन लॉक करून घरी आलात आणि त्याच नावाने एक्सआरडीपीतून शिरलात, की दुसरा ग्नोम उठू पाहतो, मॅनेजर म्हणतो ग्राफिकल सेशन तर चालूच आहे, आणि नवा ग्नोम तिथेच बसतो. काळी स्क्रीन ती हीच. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप एवढा बांधलेला नाही, पण तोही त्याच बसवर जाऊन पाहतो आणि ‘अनदर सेशन मॅनेजर इज ऑलरेडी रनिंग’ म्हणून माघार घेतो.

तपासायला:

लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स

‘सीट’च्या रकान्यात सीट० आहे ते समोरच्या मॉनिटरवरचं सेशन. एक्सआरडीपीची सेशन बहुधा सी१, सी२, सी३ अशा नावांनी येतात आणि त्यांचा सीट रिकामा असतो. तुमचंच नाव सीट०च्या ओळीत आणि शिवाय सी-वाल्या ओळीत दिसलं, की रोग सापडला.

‘पण मी तर मशीनसमोर लॉगिन केलंच नाही’ असं उत्तर इथे नेहमी येतं. केलेलं नसतं, पण मशीनने तुमच्या नावाने केलेलं असतं. उबुंटू बसवताना ‘आपोआप लॉगिन करा’ हा पर्याय निवडलेला असतो. वीज जाऊन आली, मशीन आपोआप चालू झालं, आणि कुणी हात न लावता सीट०वर तुमचं सेशन उघडलं. ‘रीबूट केल्यावरही तेच’ या तक्रारीचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण. उबुंटूवर /ईटीसी/जीडीएम३/कस्टम.कॉन्फ आणि डेबियनवर त्याच फोल्डरमधली डीमन.कॉन्फ उघडा. ‘ऑटोमॅटिकलॉगिनइनेबल=ट्रू’ ही ओळ असेल तर ‘फॉल्स’ करा (या शब्दात ए, एल आणि इनेबलचा ई मोठे). मग रीबूट.

आत्ताच्या आत्ता रिमोटने शिरायचं असेल तर समोरचं सेशन एसएसएचमधून बंद करता येतं: लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन, पुढे यादीतला आकडा. त्यात उघड्या असलेल्या, सेव्ह न केलेल्या फाइली जातील. ऑफिसच्या मशीनवर अर्धवट राहिलेली एक्सेलसारखी शीट असेल तर आधी दहा सेकंद विचार करा.

‘अनसेट’चा उतारा का चालतो, आणि काय मोडतो

तो उतारा असा: /ईटीसी/एक्सआरडीपी/स्टार्टडब्ल्यूएम.एसएच फाइलीत शेवटच्या ‘टेस्ट’ आणि ‘एक्झेक’ ओळींच्या आधी

अनसेट डीबस_सेशन_बस_ॲड्रेस
अनसेट एक्सडीजी_रनटाइम_डिर

(‘अनसेट’ लहान अक्षरांत, पुढची दोन्ही नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत.) दोन्ही ओळी का लागतात, हे कुठे सांगितलेलं नसतं. पहिलीने बसचा पत्ता पुसला जातो. पण एक्ससेशन.डी फोल्डरमधली एक छोटी स्क्रिप्ट रनटाइम फोल्डर पाहून तोच पत्ता परत भरते, म्हणून त्या फोल्डरचा पत्ताही पुसावा लागतो. दोन्ही पुसले की पुढची स्क्रिप्ट डीबस-लाँच वापरून एक नवी, वेगळी बस उभी करते. त्यासाठी ‘डीबस-एक्स११’ पॅकेज हवं. ते नसेल तर हा उतारा चिकटवूनही काही हलत नाही, आणि माणूस तीच फाइल चार वेळा तपासत बसतो.

नव्या बसवर कुणी आधीचा सेशन मॅनेजर नसतो, म्हणून एक्सएफसीई उघडतो. पण ही बस सिस्टमडीच्या ओळखीची नसते. उबुंटूचा फायरफॉक्स स्नॅप आहे, म्हणजे बाकी सिस्टमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज. स्नॅप सुरू होताना सिस्टमडीच्या युजर बसकडे आपल्यासाठी वेगळा स्कोप (प्रोसेसांचा एक गट) मागतो. तो मिळाला नाही की टर्मिनलमध्ये ‘… सेशन-सी२.स्कोप इज नॉट अ स्नॅप सीग्रुप’ असा संदेश येतो आणि खिडकी उघडतच नाही. मेनूतून उघडलं तर तेवढाही संदेश दिसत नाही. क्लिक केलं, गोल फिरलं, संपलं. आवाजाच्या सर्व्हरचं (पल्सऑडिओ किंवा पाइपवायर) सॉकेट प्रोग्रामांना सापडत नाही म्हणून आवाज जातो, आणि ‘सिस्टमसीटीएल --युजर’ची कुठलीही कमांड ‘फेल्ड टू कनेक्ट टू बस’ म्हणते. मग लोक फायरफॉक्स काढून परत बसवतात. त्याने काय होणार?

तेव्हा या दोन ओळी औषध म्हणून नव्हे, तपासणी म्हणून वापराव्यात. त्या घातल्यावर डेस्कटॉप उघडला, तर दोन सेशनांची टक्कर हेच कारण, हे सिद्ध झालं. मग त्या काढा आणि खालच्यापैकी एक मार्ग घ्या.

सगळ्यात निर्वेध मार्ग म्हणजे रिमोटसाठी वेगळा युजर. वेगळा युजर म्हणजे वेगळा मॅनेजर, वेगळी बस, वेगळं रनटाइम फोल्डर. टक्करच नाही. कामाच्या फाइली एका सामाईक गटाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या की दोन्हीकडून वापरता येतात. तीन-चार जण वापरत असलेल्या प्रयोगशाळेच्या किंवा छोट्या ऑफिसच्या मशीनला हाच मार्ग बरा.

एकच युजर हवा असेल तर शिस्त पाळावी लागते: आपोआप लॉगिन बंद, आणि मशीनसमोरून उठताना लॉक न करता लॉगआउट.

आणि समोरच्या स्क्रीनवर जे चालू आहे तेच घरून पाहायचं असेल, तर एक्सआरडीपी हे हत्यारच चुकीचं. त्यासाठी ग्नोमचं डेस्कटॉप शेअरिंग आहे. उबुंटू २४.०४ मधल्या ग्नोम ४६ पासून त्यात कुणी समोर लॉगिन नसतानाही शिरता येतं. २२.०४ वर मात्र त्याचा पासवर्ड कीरिंगमध्ये (लॉगिनच्या पासवर्डने उघडणाऱ्या तिजोरीत) असतो, आणि आपोआप लॉगिन झालेलं असलं की कीरिंग कुलूपबंदच राहते, त्यामुळे शेअरिंग चालू दिसूनही जोडणी होत नाही.

टक्कर लपून होते तेव्हा

समोर कुणी नाही, आपोआप लॉगिन नाही, तरीही काळंच. अशा वेळी दुसरं सेशनही एक्सआरडीपीचंच असतं. खिडकीच्या फुलीवर क्लिक करून बाहेर पडणं म्हणजे लॉगआउट नव्हे. डेस्कटॉप मागे जिवंत राहतो. परत जोडलं की सेसमॅन जुनंच सेशन शोधून देतो, पण ते जुळवताना तो युजरच्या नावासोबत रंगांची खोली आणि सेशनचा प्रकारही पाहतो. लॅपटॉपवरचा क्लायंट ३२ बिट मागतो आणि दुसऱ्या मशीनवरचा १६ बिट, तर सेसमॅनच्या लेखी हे दोन निराळे. तो दुसरं सेशन काढतो आणि त्यात ग्नोम परत काळा. लॉगिनच्या चौकटीत एकदा ‘एक्सऑर्ग’ आणि एकदा ‘एक्सव्हीएनसी’ (सेशनचा दुसरा प्रकार) निवडलं तरी हेच. उपाय फुकटचा आहे: सगळ्या क्लायंटमध्ये रंग एकच ठेवा, एक्सव्हीएनसी लागत नसेल तर एक्सआरडीपी.आयएनआयमधला त्याचा विभाग टिप्पणी करून टाका.

याहून लबाड कारण म्हणजे रीस्टार्ट. सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एक्सआरडीपी केलं की सेसमॅनही त्याच्यासोबत बंद होऊन उठतो. ०.९ मालिकेतला सेसमॅन चालू सेशनांची यादी फक्त स्वतःच्या मेमरीत ठेवतो. उठल्यावर त्याला काहीच आठवत नाही. जुना डेस्कटॉप मात्र आपल्या स्कोपमध्ये तसाच चालू. तुम्ही परत जोडता, तो डिस्प्ले ११ वर नवं सेशन काढतो, आणि स्क्रीन काळी. म्हणजे काळ्या स्क्रीनवर उपाय म्हणून केलेला रीस्टार्टच पुढच्या काळ्या स्क्रीनचं कारण होतो. आपोआप होणाऱ्या सुरक्षा अपडेटनेही सर्व्हिस रीस्टार्ट होते, त्यामुळे ‘रात्री कुणी काही केलं नाही तरी सकाळी बंद’. बेवारस डेस्कटॉप असे सापडतात:

पीग्रेप -ए एक्सओआरजी

(एक्स मोठा.) ओळीत ‘:१०’ आणि ‘:११’ दोन्ही दिसले की समजा. लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर आणि युजरचं नाव दिलं की सगळी सेशन एकदम साफ होतात. एसएसएचचंही होतं, तेव्हा तुटल्यावर दचकू नका.

मागे राहणारी सेशन आपोआप आवरायची असतील तर सेसमॅन.आयएनआयमध्ये ‘किलडिस्कनेक्टेड=ट्रू’ आणि ‘डिस्कनेक्टेडटाइमलिमिट=३६००’ ठेवता येतं. आकडा सेकंदांत, आणि हे एक्सऑर्ग प्रकारालाच लागू. ज्या मशीनवर रात्रभर सिम्युलेशन किंवा रेंडर चालू ठेवून लोक घरी जातात तिथे हे चुकूनही लावू नका.

टक्कर नाही, तरी ० सेकंदांत बाहेर

आता नजर होम फोल्डरकडे. एक्सएफसीई हवा म्हणून .एक्ससेशन फाइलीत ‘स्टार्टएक्सएफसीई४’ लिहिलेलं असतं. त्या ओळीच्या शेवटी ‘&’ चिन्ह असेल तर एक्सएफसीई पार्श्वभूमीला जातो, स्क्रिप्ट संपते, आणि स्क्रिप्ट संपली म्हणजे सेशन संपलं असं सेसमॅन धरतो. फाइल विंडोजच्या नोटपॅडमधून आणलेली असेल तर ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटलेलं असतं आणि .एक्ससेशन-एरर्समध्ये ‘स्टार्टएक्सएफसीई४: नॉट फाउंड’ येतं. तीच कमांड टर्मिनलमध्ये टाइप केली की व्यवस्थित चालते, म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो. कॅट -ए (ए मोठा) लावून फाइल पाहा. ओळीच्या टोकाला नुसतं ‘$’ हवं, ‘^एम$’ दिसलं तर फाइल पुसून लिनक्सवरच परत लिहा.

.एक्सऑथॉरिटी ही फाइल रूटच्या मालकीची झालेली असू शकते. एखादा ग्राफिकल प्रोग्राम सुडोने चालवला की असं होतं. एलएस -एल लावून मालक पाहा, रूट असेल तर फाइल काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी होते. डिस्क भरली असेल तरीही ही फाइल लिहिता येत नाही. डीएफ -एच आणि डीएफ -आय दोन्ही पाहा, कारण जागा शिल्लक असून आयनोड (डिस्कवर दर फाइलीमागे लागणारी नोंद) संपलेले असू शकतात. आणि डिस्क कोणी भरली हे शोधताना .एक्ससेशन-एरर्सचा स्वतःचा आकार आधी पाहा. एखादा बडबडा प्रोग्राम तिला कित्येक जीबीपर्यंत फुगवतो.

पायथॉनवाल्यांसाठी खास: ॲनाकोंडाच्या (पायथॉनच्या एका संचाच्या) बिन फोल्डरात त्याचे स्वतःचे डीबस-डीमन आणि डीबस-लाँच असतात. पाथची ओळ .प्रोफाइल फाइलीत असेल, तर स्टार्टडब्ल्यूएम ती फाइल वाचतो आणि सिस्टमच्या डीबसऐवजी कोंडाचा उचलतो. डेस्कटॉप तिथेच अडखळतो. नव्या युजरने शिरून पाहिलं तर सगळं सुरळीत, जुन्याने शिरलं तर काळं, असं दिसलं की संशय आधी इथेच. ओळ .बॅशआरसीमध्ये हलवा, म्हणजे ती टर्मिनलपुरती राहील.

उघडल्यावरच्या कटकटी

‘ऑथेंटिकेशन इज रिक्वायर्ड टू क्रिएट अ कलर मॅनेज्ड डिव्हाइस’ असं विचारणारी चौकट येते. पॉलकिटच्या (परवानग्या ठरवणाऱ्या सर्व्हिसच्या) दृष्टीने रिमोट सेशन म्हणजे ‘समोर बसलेला माणूस’ नव्हे, म्हणून समोरच्याला बिनपासवर्ड मिळणाऱ्या परवानग्या इथे लागत नाहीत. रद्द केलं तरी काही बिघडत नाही. कायमचं घालवायचं तर ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.कलर-मॅनेजरच्या क्रियांना परवानगी देणारा नियम लिहावा लागतो, आणि इथे नेहमी फसगत होते. उबुंटू २२.०४ वर तो .पीकेएलए फाइलीत, /ईटीसी/पॉलकिट-१/लोकलऑथॉरिटी/५०-लोकल.डी मध्ये जातो. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ वर मात्र तो जावास्क्रिप्टमध्ये लिहून .रूल्स फाइल म्हणून रूल्स.डी फोल्डरात ठेवायचा. जुनी फाइल नव्या मशीनवर तशीच नेली तर चूक दाखवली जात नाही, नियम लागूही होत नाही.

होममध्ये ‘थिनक्लायंट_ड्राइव्ह्ज’ हे फोल्डर दिसतं, ते विंडोजच्या ड्राइव्ह जोडण्यासाठी. चॅनसर्व्ह मेला की त्यावर ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ येतं, आणि रात्रीचा आरसिंक बॅकअप त्यावरून अडखळतो. फ्यूजरमाउंट -यू ~/थिनक्लायंट_ड्राइव्ह्ज केलं की मोकळं. क्लिपबोर्डही चॅनसर्व्हच सांभाळतो, म्हणून कॉपी-पेस्ट बंद पडणं आणि हे फोल्डर अडकणं सहसा बरोबरच येतात.

वीस-तीस मिनिटांनी मशीन पिंगलाही उत्तर देत नसेल तर एक्सआरडीपीचा काही संबंध नाही, मशीन झोपलं आहे. समोरच्या लॉगिन स्क्रीनचं झोपण्याचं सेटिंग युजरच्या सेटिंगपेक्षा वेगळं असतं, म्हणून आपल्या सेटिंग्जमध्ये ‘कधीच नाही’ ठेवूनही ते झोपतं. सुडो सिस्टमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट, एवढ्याने ते जागं राहतं.

मराठी टाइप करणाऱ्यांना शेवटचा एक अडथळा लागतो. विंडोजवर मराठी कीबोर्ड निवडून जोडलं, तर क्लायंट आपल्या मांडणीचा संकेतांक पाठवतो, ०००००४४ई. एक्सआरडीपीकडे त्याच्यासाठी नकाशा नसतो, तो अमेरिकन इंग्रजीवर येतो, आणि ‘क’ दाबल्यावर लॅटिन ‘के’ उमटतं. विंडोजकडचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवा. लिनक्सच्या सेशनमध्ये आयबस आणि आयबस-एम१७एन (भाषा टाइप करायची पॅकेजं) बसवून तिथे मराठी इनस्क्रिप्ट जोडा आणि भाषा आतच बदला. बदलायची कळ मात्र विंडोजच्या कळीपेक्षा निराळी ठेवा. विंडोज-स्पेस दोन्हीकडे एकच राहिली, तर क्लायंट पूर्ण स्क्रीनवर नसताना ती विंडोजच गिळतो.